खालची रेघ

बंगळुरूच्या त्या कॉन्फरन्समध्ये आमचा स्टॉल स्वच्छतागृहाच्या दाराला लागून होता. तंत्र-भागीदार म्हणून बोलावलं की सगळे सारखे, असं आपल्याला वाटतं, पण तिथंही पंगती असतात. बड्या भागीदारांना दारातच ऐसपैस मांडव, मधल्यांना कॉफीच्या यंत्राजवळची जागा, आणि आमच्यासारख्या धाकट्यांना जिथं माणूस नाइलाजानं येतो तिथं. हेमांगी म्हणाली, "निरंजन, तोंड वाकडं करू नकोस. इथं येणारा प्रत्येक माणूस एकदा तरी आपल्या समोरून जाणार." ते खरं होतं. जाताना घाईत असायचे, पण येताना निवांत थांबायचे.

आमची कंपनी म्हणजे सांगलीची नादरेखा. हेमांगी आष्टेकर तिची सर्वेसर्वा. यंत्राचा मेंदू तिनं लिहिलेला, आणि अंग म्हणजे पट्टी, तारा, संवेदक ही माझी कामगिरी. कॉन्फरन्स भरवणारी कंपनी इतकी मोठी होती की आम्ही आपसात तिला 'थोरली' म्हणायचो. जगातली निम्मी यंत्रं थोरलीच्या सॉफ्टवेअरवर चालतात. दरवर्षी ती हजारो डेव्हलपर जमवते आणि आमच्यासारख्यांना भागीदार म्हणून शेजारी उभं करते. तिचा शिक्का मिळाला की आमचं यंत्र जगभर जाणार होतं. त्या यंत्राचं नाव कंठी, आणि ते ज्या गळ्यासाठी जन्माला आलं तो गळा आमच्याबरोबर स्टॉलवर खुर्ची टाकून बसला होता.

तो गळा हेमांगीच्या वडिलांचा, आण्णांचा. सांगली-कोल्हापूरकडच्या लाल मातीच्या मैदानांवर त्यांनी उभा जन्म कुस्त्यांचं निवेदन केलं. हलगी थांबायची आणि आण्णांचा आवाज सुटायचा. मागच्या झाडावर चढून बसलेल्यालाही कोण कुणाच्या पटात शिरलाय ते कळायचं. मग त्या आवाजाच्याच जागी गाठ आली. स्वरयंत्र काढलं तर वाचतील, नाही तर फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. हेमांगीनं विचारलं, "आण्णा, करायचं ना ऑपरेशन?" आण्णा म्हणाले, "तू म्हणशील तसं." ती हो म्हणाली. आवाज गेला, आण्णा राहिले.

त्यानंतर ते पाटीवर लिहायचे. माणसं पाटीकडे बघायची आणि वाचून झालं की मान फिरवायची. हे हेमांगीला बघवेना, म्हणून कंठी.

त्यातलं विज्ञान तसं सोपं आहे. माणूस मनातल्या मनात बोलतो तेव्हाही मेंदू जिभेला, जबड्याला आणि मानेच्या स्नायूंना बारीक हुकूम पाठवत असतो. गाडी दुसरा कुणी चालवत असला तरी शेजारी बसलेल्याचा पाय ब्रेक दाबायला जातो ना, तसंच. हे हुकूम इतके क्षीण असतात की ओठही हलत नाहीत, पण कातडीला चिकटलेल्या संवेदकांना त्यांची वीज टिपता येते. स्वरयंत्र काढलेल्या माणसाची जीभ आणि जबडा शाबूत असतो आणि हुकूम येतच राहतात. कंठी ते टिपते, त्यांचे शब्द जुळवते आणि माणसाच्या जुन्या आवाजात बोलते. आण्णांचा आवाज आम्हाला गावोगावच्या पोरांनी मोबाइलवर टिपलेल्या कुस्त्यांमधून मिळाला.

अडचण एकच होती. बोलायचं ठरवलेलं आणि नुसतं मनात आलेलं, दोन्ही एकाच वाटेनं येतात. म्हणून हेमांगीनं मध्ये अडसर बसवला. शब्द आला की कंठी क्षणभर थांबायची आणि ओठ हलतात का ते बघायची. हलले तर तो शब्द कंठीच्या छोट्या पडद्यावरच्या वरच्या रेघेत जायचा आणि ऐकू यायचा. नाही हलले तर खालच्या रेघेत जायचा आणि तिथंच विरायचा. ज्यांना ज्यांना आम्ही कंठी लावून पाहिली त्यांची खालची रेघ सतत थरथरत असायची. माणूस बोलतो त्यापेक्षा गिळतो जास्त, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. ते शब्द कोणते हे आम्ही कधी पाहिलं नाही. तसा नियमच हेमांगीनं केला होता.

कंठीतून आण्णांचं पहिलं वाक्य आलं ते म्हणजे, "चहात साखर कमी हाय." सारं घर रडलं. आण्णा आमच्याकडे बघत राहिले आणि पुन्हा म्हणाले, "अरं, खरंच कमी हाय."

कॉन्फरन्सच्या आदल्या दिवशी दुपारी मुख्य मंचावर तालीम होती. थोरलीच्या वारियरबाई भागीदारांचं सगळं बघायच्या. बोलायला गोड, पण घड्याळ सतत हातात. आण्णा बोलू लागले आणि बाईंच्या कपाळावर आठी आली. अडसरामुळे प्रत्येक वाक्यापूर्वी कंठी थबकत होती. घरात ते जाणवायचं नाही. एवढ्या मोठ्या सभागृहात मात्र आण्णा विसरलेलं आठवताहेत असं वाटत होतं.

"शिक्का हवा असेल तर उत्तर तत्काळ यायला हवं," बाई म्हणाल्या. "तुमचा अडसर काढा. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार नियम आहे. दोन वाक्यं एकदम आली तर ज्याचा जोर जास्त ते बोलायचं. थांबायची गरजच नाही."

"आणि तो नियम चुकला तर?" मी विचारलं.

"आम्ही पुष्कळ देशांत तपासलाय. माणसाला जे बोलायचं असतं त्याचाच जोर जास्त असतो."

ज्या देशांत तपासला तिथं असेलही. तिथली माणसं भूक लागली की भूक लागली म्हणतात. आपल्याकडे 'नको' हे तोंडदेखलं असतं आणि 'वाढ' हे पोटातून येतं, हे बाईंना कुणी सांगायचं? हेमांगीला तरी सुचायला हवं होतं. पण मंच समोर होता, थोरली समोर होती, आणि आपलंच घर कसं बोलतं हे माणसाला परक्या गावात आठवत नाही. तिनं तिथंच बसून अडसर काढला. आण्णा लगेच घडाघडा बोलू लागले. तालमीत त्यांनी एका जुन्या कुस्तीचं निवेदन करून दाखवलं. दिवे लावणारी पोरं हातातलं काम टाकून ऐकत उभी राहिली. हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॉलवर गंमत सुरू झाली. मी सांगलीहून पेढे नेले होते. येणाऱ्याच्या गळ्याला कंठी लावायचो आणि पेढा पुढं करायचो. नाशिकचा एक डेव्हलपर आला. "नको नको, आत्ताच नाश्ता झालाय," असं त्याचे ओठ म्हणाले आणि कंठी म्हणाली, "दोन द्या." हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. मग रांगच लागली. एका बाईंना त्यांच्या साहेबांनी विचारलं, "दमलात का?" त्या ओठांनी म्हणाल्या, "छे हो," आणि कंठी म्हणाली, "घरी जाऊ दे आता." साहेबही हसले. आमच्या स्टॉलसमोर एवढी गर्दी झाली की स्वच्छतागृहाला जाणाऱ्यांना वाट मिळेना. जिथं थांबून विचार करायला हवा होता तिथं आम्ही टाळ्या देत होतो.

आण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी आपली कंठी काढून मांडीवर ठेवली होती. हेमांगीनं विचारलं, "आण्णा, दमलासा काय?" त्यांनी मान हलवली आणि पाटीवर लिहिलं, "राहू दे ना आज. तू एकटी बोल."

"असं काय आण्णा? तुमच्यासाठी तर एवढं केलं."

त्यांनी पाटी पुसली आणि कंठी गळ्यात घातली.

मंचावर सुरुवात झकास झाली. हेमांगी मराठीत विचारायची, आण्णा उत्तर द्यायचे, आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर त्याचं इंग्रजी उमटायचं. मैदानातल्या त्या आवाजानं सभागृह भरून गेलं. मी खाली, पहिल्या रांगेच्या कडेला, हातात कंठीचा छोटा पडदा घेऊन दोन्ही रेघांवर लक्ष ठेवून होतो.

मग प्रेक्षकांतून एका मुलीनं प्रश्न विचारला. वाईट हेतू नव्हता तिचा. म्हणाली, "त्यांना विचारा ना, पुन्हा तशी वेळ आली तर ते ऑपरेशन करून घेतील का?"

हेमांगीनं हसत हसत तो प्रश्न वडिलांना मराठीत सांगितला. उत्तर तिला पाठच होतं. आण्णांनीही हसून तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचे ओठ हलले. मी समोरच होतो. ते म्हणत होते, "हो, हेमानं केलं ते चांगलंच केलं."

माझ्या पडद्यावर खालची रेघ एकदम उसळली.

"नको हुतं मला," कंठी त्या बुलंद आवाजात म्हणाली. "हेमा, मी नको म्हणत हुतो. आवाजासकट गेलो असतो मी. तुला कळाया पाहिजे हुतं."

आण्णांचा हात गळ्याकडे गेला. त्यांना कंठी दाबून धरायची होती, पण बोटांखालूनही ती बोलत राहिली. "बंद कर. बंद कर हे. लेकीसमोर नको." मागं इंग्रजी अक्षरं उमटत गेली, मोठी आणि स्वच्छ. शेवटी आण्णांनी ती ओढून काढली.

आणि मग लोकांनी टाळ्या वाजवल्या! उभं राहून वाजवल्या. ओठांवर एक आणि मनात दुसरं, आणि यंत्रानं मनातलं पकडलं, एवढंच त्यांना दिसलं. मंचावर एक बाप आणि एक लेक आहे हे फार थोड्यांच्या ध्यानात आलं असावं. मला त्या टाळ्यांचा राग आला तो अजून गेलेला नाही.

परतीच्या गाडीत हेमांगी वडिलांच्या समोरच्या बाकावर बसली होती. धारवाड मागं पडलं. मग आण्णांनी पाटी काढली. "तसं काही मनात नव्हतं," त्यांनी लिहिलं.

तिनं गप्प बसायला हवं होतं. पण ती वडिलांची लेक होती तशी यंत्राचीही आई होती. "खालची रेघ खोटं बोलत नाही, आण्णा," ती म्हणाली. "मला आधी सांगायचं होतं. मी डॉक्टरांना नाही म्हटलं असतं."

आण्णांनी बराच वेळ लिहिलं. पाटी मलाही दिसत होती. "मनात बरंच येतं. हरलेल्या पैलवानाबद्दल पण यायचं. एवढ्या वर्षांत माइकवर कधी बोललो का? जे बोललो नाही ते माझं नव्हे. मी बोललो ते 'तू म्हणशील तसं'. ते माझं."

हेमांगीनं वाचलं आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. तिला ते पटलं नाही असं नाही. तिच्या कानांत तो आवाज बसला होता, आणि खडूनं लिहिलेल्या अक्षरांची त्याच्यापुढं काय मात्रा चालणार?

सांगलीला पोहोचण्याआधीच वारियरबाईंचा फोन आला. शिक्का मिळाला होता. अट एकच, अडसर पुन्हा बसवायचा नाही. "लोकांना हेच हवंय," त्या म्हणाल्या. हेमांगी दोन दिवस घरातून बाहेर पडली नाही. मी म्हणालो, सोडून देऊ. ती म्हणाली, "आणि ज्यांचे आवाज गेलेत त्यांचं काय? आपण दोघं किती गळ्यांना पुरणार?" तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी तडजोड झाली. ज्याला अडसर हवा असेल त्यानं सेटिंगमध्ये जाऊन लावावा. सेटिंगमध्ये कोण जातं हो? घरातल्या फ्रिजचंही कुणी उघडून बघत नाही.

कंठी जगभर गेली. मुक्या झालेल्यांना आवाज मिळाले, हे खरं. पण ती त्यांच्यापुरती राहिली नाही. थोरलीनं तिचे संवेदक कानात घालायच्या बोंडांत बसवले. मग कंपन्या मुलाखतीला ती घालायला सांगू लागल्या. ठरलेली लग्नं मोडली, न ठरलेली दोनचार जमलीही. सासवा-सुनांबद्दल तर बोलायलाच नको. आणि माणूस मोठा चिवट. काही दिवसांत लोक एक नवी विद्या शिकले. शब्द गिळायचा नाही, मुळात उमटूच द्यायचा नाही. गळा रिकामा ठेवायचा. पुण्यात त्याचे क्लासेस निघाले, तेही फलकावर 'मर्यादित प्रवेश' लिहून.

आण्णांनी मात्र कंठीला हात लावला नाही. हेमांगीनं त्यांच्यासाठी जुन्या अडसराची वेगळी कंठी करून ठेवली होती. ती त्यांच्या उशाशी पडून असायची. पाटीवरचं लिहिणंही कमी होत गेलं. 'जेवलो.' 'बरं आहे.' 'झोपतो.' हेमांगी प्रत्येक उत्तर वाचायची आणि थोडा वेळ तिथंच उभी राहायची. मला एकदा म्हणाली, "निरंजन, ते 'बरं आहे' लिहितात आणि मी विचार करते की खाली काय असेल. आधी कधी नाही केला रे असा विचार. आण्णा बरं आहे म्हणाले की बरं असायचं." बोलता बोलता तिला रडू आलं. मी तिच्यासाठी चहा सांगितला.

पुढच्या कॉन्फरन्सचं निमंत्रण आलं तेव्हा आम्ही बड्या भागीदारांच्या पंगतीत गेलो होतो. दारातला मांडव आमचा. मी ते सांगायला सांगलीच्या विश्रामबागेतल्या हेमांगीच्या घरी गेलो. पिशवीत नमुन्याची नवी कंठी होती, आण्णांचाच आवाज भरलेली. जेवणाची वेळ होती. आण्णा मागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून बसले होते.

"रोज असेच बसतात," हेमांगी ताटं घेता घेता म्हणाली. "जप करतात बहुतेक. बरं वाटतं बघून. शांत झालेत."

आण्णा आत आले. मला बघून हसले. मग सरळ माझ्या पिशवीपाशी गेले आणि त्यातली नवी कंठी उचलली, थोरलीच्या शिक्क्याची. गळ्यात घातली आणि हेमांगीसमोर येऊन बसले.

"आण्णा, थांबा," ती घाबरून म्हणाली. "त्यात अडसर नाहीये. लावून देते आधी."

त्यांनी हातानंच तिला थांबवलं. ओठ हलले आणि इतक्या दिवसांनी तो आवाज त्या स्वयंपाकघरात आला. "असू दे. काय इचारायचंय ते इचार."

हेमांगीच्या हातात वाढायचा डाव तसाच होता. मी कंठीचा पडदा चालू केला, सवयीनं. ती अडखळत म्हणाली, "ऑपरेशन... नको होतं ना तुम्हाला?"

"हवं हुतं," आण्णा म्हणाले. "तू केलंस ते चांगलं केलंस. माझा राग न्हाई तुझ्यावर, हेमा."

मी पडद्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, संवेदक निघाला असणार. खालची रेघ आडवी पडली होती. मी उठून त्यांच्या मानेवरची पट्टी दाबून पाहिली. ती नीट बसलेली होती. मी विचारलं, "आण्णा, कसं वाटतंय?" वरच्या रेघेत "चांगलं" उमटलं. खाली काही नाही. "ह्या वर्षी मैदानाला जाणार का?" "बघू." खाली काही नाही. ज्या माणसानं जन्मभर चार तालमींच्या पैलवानांची नावं, त्यांचे डाव आणि त्यांच्या खोड्या मनात घोळवल्या, त्याच्या मनात एक शब्द हलत नव्हता. झोपलेल्या माणसाचीही खालची रेघ इतकी सपाट नसते.

तेव्हा मला अंगणातला जप कळला. एवढे महिने हा म्हातारा भिंतीकडे तोंड करून, एकेक शब्द उमटायच्या आत खुडत बसला होता. लेकीला पुन्हा खालून काही ऐकू येऊ नये म्हणून त्यानं खालची सगळी जागाच मोकळी केली होती. क्लास नाही, गुरू नाही. पाटीवर लिहिलेल्यावर लेकीचा विश्वास बसत नाही हे त्याला समजलं होतं, म्हणून तिचा ज्यावर विश्वास आहे त्या यंत्राकडून तो आपलं म्हणणं वदवून घेत होता.

हेमांगी माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. ती रेघ वाचायला तिनंच मला शिकवलं होतं, तिला काही सांगावं लागलं नाही.

आण्णा आशेनं तिच्या तोंडाकडे बघत होते, पोरानं निकाल दाखवून आईकडे बघावं तसे. "बघितलंस?" कंठी म्हणाली. "काही न्हाई खाली. आता बरं वाटलं न्हवं तुला?"

ती पुढं झाली. त्यांच्यासमोर बसून तिनं त्यांच्या ताटात भात वाढला, वर वरण घातलं, तूप घातलं.

"हो आण्णा, खूप बरं वाटलं," हेमांगी म्हणाली. तिच्या गळ्यात कंठी नव्हती, म्हणून आण्णांना तेवढंच ऐकू आलं.